सगुणाआत्याचा तिसरा अंक

देवरूख,
१२ जानेवारी २०२५

ती. सगुणाआत्यास,
गंधाचा साष्टांग नमस्कार.

तुझा नियम पाळतेय. "मोठं काही असेल तर पत्र लिही, बारीक असेल तर फोनसुद्धा नको," असं तू जाहीर केलंस त्याला वर्ष होऊन गेलं. तुझं म्हणणं, फोनवर मी नुसतं 'हो आत्या, हो आत्या' करते आणि कान सगळा कुकरच्या शिट्टीकडे असतो. खरंय. म्हणून आज कागद घेतलाय आणि कुकर बंद केलाय.

बातमी मोठी आहे. यंदा आपल्या गावच्या शिमग्याचं नाटक मी लिहितेय! दरवर्षीच्या नाटकातले राजे, म्हणजे आपला रितेश, नोकरीला दुबईला गेला. राजेच नाहीत म्हटल्यावर तलवारी माळ्यावर गेल्या आणि मंडळाचे अध्यक्ष गंगारामकाका थेट माझ्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये येऊन बसले. "बाय, तू इंग्लिश शिकवतस ना? मंग एक नाटक लिव. इंग्लिश नको, पन तसलाच कायतरी."

तसलंच कायतरी माझ्याकडे होतं. आमच्या ग्रंथालयाने रद्दीत काढलेलं, पुठ्ठ्यासकट लेखकाचं नावही वाळवीने खाल्लेलं, लंडनचं जुनं नाटक. व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं. त्यात कोणी लढत नाही, कोणी मरत नाही. मोठ्या घरची माणसं दिवाणखान्यात बसून चहा पितात आणि अत्यंत गोड शब्दांत एकमेकांचा अपमान करतात. मधोमध एक खाष्ट मावशी. भाचीला मागणी घालायला आलेल्या मुलाला ती समोर बसवते, प्रश्न विचारते आणि हातमोजे कसे काढले यावरून नापास करते. मी दिवाणखान्याची पडवी केलीय, चहाचं कोकम सरबत आणि हातमोज्यांच्या चपला.

त्या काळी तिकडे एक टोळीच होती, कोटाला फूल लावून हिंडणारी. त्यांचं म्हणणं, कला नुसती सुंदर असावी. तिच्याकडे उपदेश मागू नये, उपयोग तर मुळीच विचारू नये. आपण शाळेत 'कलेसाठी कला की जीवनासाठी कला' असा निबंध घोकायचो ना, त्याचे हे मूळपुरुष. गंगारामकाकांना हे समजावलं तर म्हणाले, "ता सगला ठीक. पन बोध काय? लोकांनी घराकडं काय न्यायाचा?"

असो. माझं काम एवढंच, की तू माणसांची पारख कशी करतेस ते जरा सविस्तर लिहून पाठव. तुझ्याकडे राहायला येणाऱ्या पर्यटकांची, आणि मला बघायला आलेल्यांचीही. अभ्यासासाठी हवंय. नाटकातली मावशी अर्थातच पूर्ण काल्पनिक आहे.

तुझी,
गंधा

मुरुड, ता. दापोली
२१ जानेवारी

चि. गंधा,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. अक्षर सुधार, मास्तरीण आहेस.

अभ्यासासाठी विचारतेस तर सांगते. माणूस ओळखायला पत्रिका लागत नाही, पायरी पुरते. चपला काढताना एक इथे नि एक तिथे फेकतो तो संसारही तसाच फेकतो. आणि चपला अगदी जोडून, भिंतीला समांतर लावतो त्याच्यापासून तर लांबच राहावं. तो उद्या तुझ्या डब्यातले लाडू मोजेल.

दुसरं म्हणजे आग्रह. वाढायला गेलं की पाहुण्याने पहिल्यांदा 'नको' म्हणावं. दुसऱ्यांदा 'खरंच नको'. तिसऱ्यांदा ताटावर आडवा हात धरावा, पण बोटांत फट ठेवावी. फटीतून पडेल तेवढं आपलं. याला रीत म्हणतात. आजकालची पोरं एकतर डब्यासारखं झाकण लावून बसतात, नाहीतर 'डाएट' म्हणतात.

तुला बघायला आलेला तो बँकेतला आठवतो? पडद्याला हात पुसले. आणि तो चिपळूणचा? मी शिरा वाढतेय आणि हा फोनकडे बघतोय. शिरा म्हणजे काय एसटीचं तिकीट आहे, न बघता घ्यायला?

खरं बोलावं गो, पण पाहुण्यांची गाडी वळणाआड गेल्यावर. तोंडावर गोड बोलायला अक्कल लागते, खरं काय कोणीही बोलतो.

त्या फुलवाल्या लंडनकरांचं मात्र तुला एवढं कौतुक का, ते कळलं नाही. मी रोज सकाळी दारात रांगोळी घालते. दहा वाजेपर्यंत शेजारच्या कोंबड्या ती विस्कटतात. इतक्या वर्षांत एका माणसाने विचारलं नाही की सगुणाबाई, या रांगोळीचा बोध काय. गंगारामाला म्हणावं, बोध हवा असेल तर ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहिलेला आहे, फुकट वाचायला मिळतो.

तुझी ती काल्पनिक मावशी जाडी आहे की बारीक?

आत्या

ई-मेल
२५ जानेवारी

विनीत,

आत्याचं पत्र आलं. जसंच्या तसं दुसऱ्या अंकात घातलंय. चपला, बोटांतली फट, एसटीचं तिकीट, सगळं. लिहिताना एकटीच खिदळत होते आणि मग वही बाजूला ठेवून तुला लिहायला बसले.

तुला माहीत आहे, तरी लेखी सांगते, म्हणजे तालमीच्या गडबडीत विसरणार नाहीस. आई गेली तेव्हा मी चार वर्षांची. आत्या मुरुडहून आली, मला कडेवर घेतलं आणि परत गेली. कॉलेज सुरू होईपर्यंत मी तिच्याच घरी वाढले. आपण लग्न करायचं ठरवलंय हे आपल्याला कितीही पक्कं वाटो, दादा माझे वडील असूनही एकच वाक्य बोलणार, "सगुणेचा होकार आण, माझा त्यातच आला." आणि सगुणेने आजवर तीन जणांना परत पाठवलंय. तिच्या होकाराशिवाय मला हे लग्न करायचं नाही. तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाशी करायचं नाही. म्हणजे शिमगा झाला की तुला रीतसर मुरुडला नेऊन तिच्यासमोर बसवणं आलं.

आणि त्याआधी आपण काय करतोय? तिलाच स्टेजवर उभी करतोय! तू दिग्दर्शक, तूच नायक, आणि मावशी म्हणजे पदरासकट आत्या. तिला कळलं तर संपलंच. मग तू कोहिनूर हिरा घेऊन आलास तरी पायरीवरून परत.

पण तुझंही बरोबर आहे. मावशीचं काम करायला आपण लांज्याची मनस्वी ठरवलीय, आणि आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे बाहेरून बोलावलेली कलाकार प्रयोगाच्या दिवशीच येणार. एक तालीम मिळाली तर नशीब. तिला तासाभरात मावशी दाखवायची तर आधी तुला ती दिसायला हवी. तेव्हा असं कर. मुंबईहून दोन दिवस रजा टाक आणि पर्यटक म्हणून आत्याकडे राहा. नाव भलतंच सांग. माझं नाव अजिबात काढू नकोस. बघ, ऐक आणि परत ये.

कमी जेव.

गंधा

ई-मेल
३ फेब्रुवारी

गंधा,

मोहीम फत्ते! सागर या नावाने राहिलो. आत्यांना काडीचाही संशय आला नाही. पदर खोचायची पद्धत, वर जाणारी डावी भुवई, 'बरं' म्हणायचे चार प्रकार, सगळं टिपलं.

कमी जेवायचं तेवढं जमलं नाही. ओल्या काजूची उसळ होती गं. माझा नाइलाज झाला.

विनीत

मुरुड
८ फेब्रुवारी

चि. गंधा,
आशीर्वाद.

गेल्या आठवड्यात एक विचित्र पाहुणा राहून गेला. तुझ्या अभ्यासाला उपयोगी पडेल म्हणून मुद्दाम लिहिते.

एकटाच आला. मुरुडला एकटा येतो तो एकतर फोटोवाला, नाहीतर प्रेमात पडलेला. नाव सागर म्हणाला. आधार कार्ड मागितलं तर म्हणे विसरलो. गंधा, आजकाल माणूस चप्पल विसरेल, आधार विसरत नाही. समुद्रावर तर गेलाच नाही! मी माडांना पाणी घालतेय तर हा पडवीतून बघतोय. मी म्हावरेवालीशी हुज्जत घालतेय तर हा खांबाआड. मला वाटलं पर्यटन खात्याचा तपासनीस असेल, म्हणून गुपचूप त्याच्या खोलीतला टॉवेल बदलला.

आणि जेवणाचं काय सांगू! ओल्या काजूची उसळ घेऊन गेले. 'नको' नाही, 'खरंच नको' नाही, सरळ "वाढा." पुन्हा गेले. "वाढा." तिसऱ्यांदा मी नुसती उठले, तर त्याने ताटच पुढे केलं. रीत म्हणून कशाशी खातात ते ठाऊक नाही. शेवटी मलाच म्हणावं लागलं, "पुरे आता, रात्री घावन आहेत." तर विचारतो, "किती वाजता?"

बोलण्यात हेल तुमच्याच बाजूचा, लांजा-देवरूखकडचा. तुझ्या ओळखीपैकी कुणी नसेलच म्हणा. एक सांगून ठेवते, असा जावई ज्या घरात जाईल त्या घराला वेगळी काजूची बाग लावावी लागेल.

हे वाक्य मावशीच्या तोंडी शोभेल असं मला उगाच वाटलं. काल्पनिक का असेना.

आत्या

देवरूख
१७ फेब्रुवारी

ती. आत्यास,
साष्टांग नमस्कार.

छे गं, सागर नावाचं माझ्या ओळखीचं कुणी नाही. लांज्यात काय, हजार माणसं आहेत. आणि मावशी मध्यम बांध्याची आहे. काल्पनिक माणसं बहुतेक मध्यमच असतात.

इकडे भलतीच गंमत झाली. गंगारामकाकांना नाटकातला बोध काही केल्या सापडेना. त्यांनी सगळं हस्तलिखित दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा उलटं. मग म्हणाले, "देवीला इचारू." शेवटी कौल लावला. देवळात अख्खी वाडी जमली. गुरवाने देवीला ओल्या फुलाच्या पाकळ्या लावल्या आणि काकांनी गाऱ्हाणं घातलं, "बा आई म्हाराजा, ज्या नाटकात बोधच नाय, असा नाटक तुज्या साणेसमोर केला तर चालल काय? चालत आसल तर उजवा दे." सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा." आणि व्हय म्हणून होतंय तोवर उजवी पाकळी पडली!

काकांचा विश्वास बसेना. पुन्हा विचारलं. पुन्हा उजवी. तिसऱ्यांदा विचारायला तोंड उघडलं तसा गुरव म्हणाला, "गंगाराम, देवीला आनखी पन कामा आसतात."

तेव्हा नाटक ठरलं. १७ मार्चला, पालखी मैदानातल्या चौथऱ्यावर, साणेवर, बसल्यावर. काकांनी एवढंच राखून ठेवलंय, की प्रयोग संपल्यावर ते माइकवर येणार आणि बोध स्वतः शोधून सांगणार. मी हो म्हटलं. तुझ्या रांगोळीची गोष्ट मी त्यांना सांगितली होती. त्यावर ते म्हणाले, "कोंबड्या बांदून ठेवाव्या, ह्यो बोध."

तुला मुरुडचा मोसम सोडून येणं जमणार नाही, पाहुण्यांची गर्दी असेल, हे मी समजू शकते. अजिबात दगदग करू नकोस.

तुझी,
गंधा

मुरुड
२४ फेब्रुवारी

चि. गंधा,
आशीर्वाद.

येते.

त्या आठवड्यातली बुकिंगं बंद केली आहेत. गंगारामाला सांग, पहिल्या रांगेत मधली खुर्ची, आणि शेजारी शेंगा खाणारा नको.

तुझी मावशी दुसऱ्या अंकाच्या शेवटी मुलाला नकार देते असं तुझ्या बापाने, काशाने, फोनवर सांगितलं. मी त्याला फोन केला होता, बारीक कामच होतं. नकार का देते? कारण चांगलं असू दे. नाटकातला नकार देखणा हवा, नाहीतर तो नुसता उद्धटपणा. मी असते तर म्हटलं असतं, "मुलगा उत्तम आहे, दुसऱ्या कुणाचा तरी जावई म्हणून मला अतिशय आवडेल." हेही लिहून ठेव.

आत्या

ई-मेल
२८ फेब्रुवारी

विनीत, ती येतेय!!

पहिल्या रांगेत. मधली खुर्ची. मी पत्रात इतकं सुचवलं येऊ नकोस म्हणून, तर तिने बुकिंगं बंद केली! तिला तिचीच भुवई दिसणार, तिचाच शिरा, तिचंच एसटीचं तिकीट. गावासमोर लोक तिच्या बोलण्यावर हसणार आणि ती तिथे बसलेली असणार. मी तिला चिडलेली बघू शकते रे, चिडणं हा तिचा व्यायाम आहे. पण ती गप्प झाली तर? ज्या बाईने मला चालायला शिकवलं तिची मी चाल उचलून विकली असं तिला वाटलं तर?

वर्गात मी पोरांना रुबाबात सांगते, कलेने कुणाची भीड धरू नये. त्या कोटाला फूल लावणाऱ्यांना काय जातंय? त्यांच्यापैकी एकाला तरी सगुणाआत्या होती का?

मावशी काढून टाकूया. तिच्या जागी काका घालू.

गंधा

ई-मेल
१ मार्च

गंधा,

काका घातला तर उरतं काय? सरबताचा तांब्या आणि मी. ते बघायला कोण जागणार?

ऐक. काल इथे मुंबईत तालमीला मनस्वीच्या जागी उभा राहून मीच मावशीची वाक्यं वाचली. पोरं आधी हसली, आणि मग आमचा सरबत आणणारा गडी, म्हणजे चिराग, म्हणाला, "ही बाई आपल्या घरात हवी होती." तू आत्यांची टिंगल केलेलीच नाहीस. तू त्यांच्यावर प्रेम केलंयस, फक्त तीन अंकी. मुरुडला मी त्यांची नक्कल टिपायला गेलो होतो. येताना मलाच वाटत होतं, खरं नाव सांगून टाकावं आणि अजून दोन दिवस राहावं.

भीती मलाही आहे. नकार मिळाला तर तो मला मिळणार, तुला नाही. तरी मावशी ठेव. मला विग आहे, मिशी आहे, भुवयाही जाड करतो. ओळखणार नाहीत.

विनीत

ई-मेल
१४ मार्च

विनीत,

हसू नकोस. मला कांजिण्या झाल्यात.

कॉलेजातल्या पोरांचा प्रसाद. तोंडावर, मानेवर, टाळूवरसुद्धा. डॉक्टरांनी खोलीबाहेर पडायला बंदी केलीय. गंगारामकाका खिडकीखालून ओरडून गेले, "बाय, बाया आल्यात आंगावर, देवीचाच मान हाय, नाटकाची चिंता करू नको!" चिंता करू नको म्हणे. माझं पहिलं नाटक, आणि मी इथे देवरूखच्या खोलीत कडुनिंबाचा पाला हुंगत बसणार.

प्रॉम्प्टिंगला दादा बसतील. त्यांना संहिता दिलीय, चष्मा आठवणीने घ्यायला सांग. आत्या उद्या येतेय, उतरणार गावी दादांकडेच, मला भेटायला तिलाही बंदी. विनीत, तिच्यासमोर जाऊ नकोस. प्रयोग संपला की विगसकट पळ.

मला फोन करू नकोस, घसाही बसलाय.

गंधा

लांजा
१९ मार्च

प्रिय गंधा,

हे पत्र मी पेनाने लिहितोय. शाळा सुटल्यापासून पहिल्यांदाच. असं का, ते शेवटी कळेल. अक्षराला हसू नकोस, नकाशे काढणाऱ्या माणसाचा हात फक्त रेघांना सरावलेला असतो.

परवा संध्याकाळी सहा वाजले तरी मनस्वीचा पत्ता नाही. फोन लावला तर म्हणाली, "सर, आज सतरा? मी अठरा धरली होती. मी तर राजापूरला रंगून बसलेय." शिमग्यात सगळ्या गावांची नाटकं एकाच आठवड्यात, आणि बाईंची तारीख चुकली. इकडे पालखी साणेवर, माणसं अंथरुणं-पांघरुणं घेऊन मैदानात, आणि आमच्याकडे मावशी नाही. गंगारामकाका म्हणाले, "भजन लावू." मी रंगलेल्या तोंडाने डोकं धरून बसलो होतो.

तेवढ्यात पडद्यामागे तुझ्या आत्या आल्या. पदर खोचलेला. सगळ्यांकडे एकदा बघितलं, डावी भुवई वर केली आणि म्हणाल्या, "माझे संवाद कुणाकडे आहेत?"

गंधा, 'माझे' म्हणाल्या! माझी मिशी तिथेच सुटली, पुन्हा चिकटवावी लागली.

दादांनी वही दिली. आत्यांनी पानं उलटली, दोन-तीन ठिकाणी 'हे मी असं म्हटलं नव्हतं' म्हणून पेनाने दुरुस्तही केलं. आणि सरळ रंगमंचावर जाऊन उभ्या राहिल्या. मागे पडवीच्या नावाने राजवाड्याचा पडदा, कारण मंडळाकडे पडदे दोनच, राजवाडा आणि जंगल. पहिला अंक असा गेला की मी विंगेतून नुसता बघत राहिलो. लोक चपलांच्या संवादाला हसले तेव्हा त्या थांबल्या, हसणं ओसरू दिलं आणि मग पुढचं वाक्य टाकलं. हे कुणी शिकवलं त्यांना?

मग दुसरा अंक. मी सांगून आलेला मुलगा. झोपाळ्यासमोर स्टुलावर बसलो. तुझ्या संहितेत पहिला प्रश्न आहे, "आपलं शुभनाव?" मी म्हणायचं, "चंद्रशेखर." मी म्हटलं.

त्या म्हणाल्या, "खरं नाव."

लोक हसले. दादा विंगेतून कुजबुजले, "हे नाहीये यात!" माझ्या कपाळावरून घाम मिशीत. मी म्हटलं, "विनीत."

"आधार कार्ड आणलंय, की आजही विसरलात?"

मैदान खदखदून हसतंय, आणि मला स्टूल फिरल्यासारखं वाटतंय. मग त्यांनी विचारलं, काय करता, आईवडील कुठे, मुंबईत पाण्याची सोय काय, माझ्या भाचीच्या रागावर काही औषध सापडलंय का. एकही प्रश्न तुझा नाही. मी एकाचंही उत्तर पाठ केलेलं नाही. जे खरं होतं ते सांगत गेलो. शेवटी त्यांनी लाडवांचं ताट पुढे केलं. आता तुझ्या लिखाणाप्रमाणे मी 'नको, खरंच नको' करायचं, बोटांत फट ठेवायला विसरायचं आणि त्यांनी त्यावरून नकार द्यायचा.

मी काय केलं, मला माहीत नाही. त्या ताट घेऊन तशाच उभ्या होत्या, मुरुडला उभ्या राहायच्या तशा. मी लाडू उचलला आणि खाल्ला.

त्या बघत राहिल्या. दादा आता कुजबुजत नव्हते, ओरडत होते, "सगुणे, नकार! इथे नकार आहे गो! नकार दे!" पार शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. त्यांनी मानही वळवली नाही. म्हणाल्या, "गप रे काशा. तू वाचतोयस, मी बघतेय." आणि मग माझ्याकडे, हळू आवाजात, पण माइक होता, "आणखी एक घे. मुलगी दिली."

पडद्याच्या दोरीशी आपला बाबल्या होता. त्याला वाटलं नाटक संपलं, त्याने पडदा पाडला. तिसरा अंक राहिला तो राहिलाच. कुणाला चुकल्यासारखंसुद्धा वाटलं नाही. टाळ्या थांबेनात. विंगेत दादा वही छातीशी धरून चष्मा पुसत होते. मला बघितलं आणि म्हणाले, "माझा त्यातच आला."

बाहेर गंगारामकाकांनी माइक घेतला. म्हणाले, "मंडली, बोध गावला! वाडलान का जेवायाचा! नको-नको करीत बसायाचा नाय!" त्याला तर नाटकापेक्षा जास्त टाळ्या.

मी आत्यांच्या पाया पडलो. म्हणाल्या, "हे तिला फोनवर सांगायचं नाही. मोठं आहे. पत्र लिही. पत्र लिहिल्याशिवाय होकार पक्का नाही." म्हणून लिहिलं. आता तरी पक्का ना?

तुझा,
विनीत

मुरुड
२३ मार्च

चि. गंधा,
अनेक उत्तम आशीर्वाद.

खपल्या काढू नकोस, डाग राहतील. लग्नात फोटो काढायचे आहेत.

तू आता रडून, हसून, पुन्हा रडून झाली असशील, म्हणून सावकाश लिहिते. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हाच मला कळलं होतं. काल्पनिक माणसाची पारख कुणी सख्ख्या आत्याला विचारतं का गो? दोन दिवस फुरंगटून बसले. मग वाटलं, आपल्यावर कुणी नाटक लिहिलं तर ते निदान चांगलं तरी व्हावं. म्हणून पुढची पत्रं जरा झणझणीत लिहिली. तुला वाटलं तू माझी वाक्यं चोरतेस. मी ती दाराबाहेर ठेवत होते.

आणि तुझा सागर. जेवताना त्याचा फोन चार्जिंगला माझ्या फडताळावर होता. वाजला, तर त्यावर तुझा फोटो, तोही माझी जांभळी साडी नेसलेला. मी फोन पालथा ठेवला आणि उसळ वाढायला गेले. म्हटलं, बघू या तरी.

तीन स्थळं मी परत पाठवली. चपला, पडदे, शिरा, ही सगळी बोलायची कारणं. खरं कारण असं, की ते तिघेही माझ्यासमोर 'नको, नको' करून उठले. त्यांना काय हवंय ते मला शेवटपर्यंत कळलं नाही, आणि ज्याचं मन कळलं नाही त्याला मी तुला कशी द्यायची? हा पहिला, ज्याने ताट पुढे केलं. नाव खोटं सांगितलं, पण भूक खरी होती. 'नको' म्हणायची रीत मीच तुला शिकवली. ती मोडायलाही मीच हवी होते ना?

घरात होकार द्यायचा असता तर मला जमलं नसतं. 'मुलगी दिली' म्हणताना आवाज फुटला असता आणि तुम्हाला सगळ्यांना माझंच सांत्वन करत बसावं लागलं असतं. तिथे तोंडाला रंग होता, समोर दिवे होते, रडले ते अभिनयात गेलं. गंगाराम म्हणाला, "सगुणे, काय काम केलंस!" तेवढ्यासाठी तरी तुमचे ते लंडनवाले बरोबर असतील. अशा वेळी उपयोग कुणी विचारला नाही ते बरंच झालं.

गेले चार दिवस मी रांगोळी जरा मोठी घालते. कोंबड्या घालू देतात तेवढी.

पाडव्याला दोघं या. त्याच्यासाठी ओले काजू राखून ठेवलेत. आणि त्याला म्हणावं, या वेळी आधार कार्ड घेऊन ये. नाव नीट उतरवून घ्यायचं आहे, लग्नपत्रिकेसाठी.

तुझी,
आत्या